दाराबाहेरचं हुश्श

ये गं अवनी, बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे पलंगावर बस. लाइट इतक्यात येत नाहीत. आपल्या वाघोलीत लाइट गेले की रुसलेल्या जावयासारखे जातात, आर्जवं केल्याशिवाय परत फिरत नाहीत. हा इमर्जन्सी दिवा पुरे आपल्याला. चहा गॅसवर होतो, त्याला लाइट लागत नाही.

हां, तर तू बेलचं विचारत होतीस. ती माझ्या दारावरची, कॅमेऱ्याची. घ्यावी की न घ्यावी. घे ना, अवश्य घे. वस्तू वाईट नाही. कोण आलंय ते फोनवर दिसतं, आतून बोलता येतं, गुडघे धरून उठायला नको. पण माझ्याकडे त्या बेलचं काय झालं ते आधी ऐक. तू सोसायटीत नवीन आहेस, बाकीच्यांकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, हे तुला माहीत नसेल. परगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. आता कुणाला ट्रंक कॉल म्हटलं तर वाटतं हत्तीचा काहीतरी विषय आहे. त्या कामात कान तयार होतात बघ. लाइन डेड असली की तिची एक शांतता असते, आणि पलीकडे कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून गप्प बसलं असलं की त्याची वेगळी. सांगता येत नाही फरक काय तो, पण कळतो. मी कधी चुकले नाही त्यात.

माहेर माझं मंडईच्या मागे, सासर नारायण पेठेत. दोन खोल्या आणि अकरा माणसं. दाराला कडी होती, पण ती लावायचा आणि काढायचा मान सासूबाईंचा. नोकरीवरून यायला उशीर झाला की मी बाहेर उभी, आणि आत त्यांचा जप संपायचाय. त्यामुळे आम्ही दोघांनी हा फ्लॅट घेतला ना, तेव्हा पेठेतल्या लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. "वाघोली? म्हणजे नगरलाच गेलात की!" ठेवू देत. किल्ली माझ्या कमरेला होती. पुढे हे गेले, मी एकटी राहिले. सगळे कीव करायला यायचे. आणि मी तुला खरं सांगू? मला आवडायला लागलं गं एकटं राहणं. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणावं असं एक दार मिळालं होतं.

ऋचा माझी मुलगी, ती खराडीला राहते. तिचा आणि आमोदचा, म्हणजे जावयाचा, मोठा फ्लॅट आहे, त्यात माझ्यासाठी खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावून ठेवलेत. चांगली खोली आहे, पण पडदे मला न विचारता लावलेत. तर मध्यंतरी गॅसची नळी तपासायला म्हणून एक भामटा आला आणि मी त्याला आत घेतला. काही नेलं नाही त्यानं. मी त्याला ओळखपत्र विचारलं, बिल्ला विचारला, साहेबाचं नाव विचारलं, तो बिचारा पाणी पिऊन पळाला. पण ऋचाला कळलं आणि तिनं आकाशपाताळ एक केलं. दुसऱ्याच दिवशी ही बेल येऊन बसली दारावर.

"आई, महिनाभर बघू," ती म्हणाली. "कोण आलंय ते फोनवर बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही. सगळं माझ्याही फोनवर दिसणार आहे. नीट जमलं तर राहा इथे. नाही जमलं तर मुकाट्यानं आमच्याकडे यायचं आणि हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा. कबूल?"

कबूल म्हणाले. न म्हणून सांगते कुणाला. तिन्हीसांजेला दिवा लावताना दार उघडं ठेवायची सवय होती माझी, लक्ष्मी यायची वेळ ती. तेही बंद केलं. म्हटलं, लक्ष्मीनंही आता कॅमेऱ्यात तोंड दाखवून यावं.

आणि नेमकी त्याच वेळेला ती बेल वाजायला लागली.

पहिल्या दिवशी मी निरांजनात वात घालत होते. टिंगटाँग झालं. हात पुसून फोन उघडला, तर पॅसेज रिकामा. समोर रावसाहेबांचं बंद दार, त्यांची ती प्लॅस्टिकची तुळस, लिफ्टचा लाल आकडा. बस्स. म्हटलं, असेल कुणाचं तरी कार्टं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशी मी फोन हातात घेऊनच बसले. वाजली. बघितलं, कुणी नाही. पण ह्या बेलला कान पण असतात ना, बाहेरचं ऐकू येतं. मी फोन कानाला लावला, सवयच ती. आणि बाहेर कुणीतरी "हुश्श..." केलं.

घाबरवणारं नव्हतं गं ते. म्हणजे हुंकार, किंकाळी, असलं काही नाही. चार मजले चढून आलेलं माणूस डोक्यावरचं ओझं खाली ठेवून करतं ना, तसं. दमलेलं. मग चपला काढल्याचा आवाज. एक, आणि थोड्या वेळानं दुसरी. चपला काढून कुणीतरी पद्धतशीर बाहेर उभं होतं, आणि फोनमध्ये पॅसेज रिकामा.

बरं, ते अॅप माणूस दिसलं की त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतं. दूधवाला आला, चौकोन. रावसाहेब आले, पोटासकट चौकोन. तर त्या रिकाम्या पॅसेजमध्येसुद्धा त्यानं चौकोन काढला होता. उभा नाही, बुटका. अगदी जमिनीलगत, माझ्या दाराशेजारच्या भिंतीपाशी. भिंतीला पाठ लावून कुणी खाली बसलं असतं तर जेवढा झाला असता तेवढा...

पाचावर धारण बसली माझी. देवापुढे जाऊन बसले. काही सुचेना, शेवटी तोंडाला पाढेच आले, तेच म्हटले.

तेवढ्यात ऋचाचा फोन. "आई, कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"अॅप म्हणतंय व्यक्ती आहे."

"मग अॅपलाच विचार."

"आई, रोज संध्याकाळी नोटिफिकेशन येतंय. तू दार उघडतेस आणि विसरतेस का?"

विसरतेस का! हा शब्द ऐकला आणि त्या हुश्शपेक्षा जास्त धडकी भरली मला. भूत परवडलं, पण हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. त्यानंतर तुम्ही चष्मा शोधलात तरी लोक एकमेकांकडे बघतात. "बेल बिघडली असेल," मी म्हटलं. "मी दुरुस्त करून घेते."

"रविवारी मी येतेच आहे," ती म्हणाली. आवाज मऊ केला तिनं, ते तर वाईट लक्षण. "खोकी घेऊन येते. बेल चालत नसेल तर थोडं सामान तेव्हाच नेऊ."

म्हणजे रविवारच्या आत ती बेल गप्प करायची, नाहीतर माझं दार गेलं. एवढं सरळ गणित होतं.

कंपनीला फोन लावला, तर "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" ऐकून कान किटले. मी त्या बाईच्या वयाची असताना असं कुणाला ताटकळत ठेवलं असतं तर सुपरवायझरनं कान उपटले असते. शेवटी समोरच्या रावसाहेबांना हाक मारली. हे अमरावतीकडचे, सिंचन खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, मुलाकडे राहतात. माणूस लाख, पण उंटावरचा शहाणा. धरणं बांधली म्हणून बेलही दुरुस्त करता येते असं त्यांना वाटतं. आणि अगत्य तर इतकं की दारावरून कुरिअरवाला गेला तरी "या ना, बसा ना, पाणी घ्या ना" चालू. आम्हा पुण्याच्या माणसांना दम लागतो त्यांचं अगत्य बघून.

"काय झालं ताई?" ते स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आले.

मी सगळं सांगितलं. हुश्श आणि चौकोन वगळून. म्हटलं, उगीच वाजते.

"बॅटरी उतरली असंन. काढा खाली."

काढली. दुपारभर चार्जिंगला लावली. ते तेवढ्या वेळात माझ्याकडचे पोहे खाऊन, ते अमरावतीसारखे नाहीत असं सांगून गेले. मग आले आणि राउटरपाशी उभे राहिले. "हे डबडं बंद काऊन आहे?"

"दुपारी मी झोपते. मग ते कशाला जागं?"

"बाप्पा बाप्पा! ताई, हे बंद केलं का बेल आंधळी होते. मग चालू झाली का चवताळते. हेच कारण! रीसेट मारा, विषय संपला."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! राउटर! माझीच काटकसर नडली होती, दुसरं काही नाही. तो चौकोनही त्यातलाच, ते हुश्शही वाऱ्याचं. मनात म्हटलं, श्यामले, भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हाच.

रीसेट म्हणजे काय, तर बेलच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसून धरायची. दिवा निळा होईपर्यंत सोडायची नाही. रावसाहेबांनी खुपसली, दिवा लाल झाला. पुन्हा खुपसली, दिवाच गेला. "टाचणी पुण्याची दिसते, वाकत नाही," म्हणाले. मी माझी साडीची पिन दिली. तिसऱ्यांदा निळा झाला आणि आतून एक बाई ठणठणीत आवाजात बोलली, "रीसेट सफल हुआ. आपका स्वागत है." रावसाहेबांनी तिलाही मान डोलावली. मग फोनवरचा तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन बेलला दाखवायचा असतो, म्हणजे ती घर ओळखते. मी फोन धरला, त्यांनी बेल धरली, दोघंही एकमेकांना "जरा वर", "जरा खाली" करत उभे. फोटोग्राफरकडे गेलेलं जोडपं वाटावं. पण ओळखलं बाई तिनं घर.

दारावर परत बसवली, तोवर उन्हं उतरली होती. रावसाहेब बाहेर, मी आत. त्यांनी बटण दाबलं, टिंगटाँग. मी फोनमधून म्हटलं, "हॅलो, ऐकू येतंय का?"

"अगदी नंबर वन! रेडिओवर बोलून राहिल्या वाटते."

चौकोनही नीट आला, त्यांच्याएवढाच. त्यांच्या घरी मग कुकरच्या शिट्ट्या झाल्या. "येतो मग ताई," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी इकडे एकटीच टाळी वाजवली. ऋचाला मेसेज केला, 'बेल दुरुस्त, खोकी आणू नकोस.' दिवा लावायला उठले.

टिंगटाँग.

वाटलं, रावसाहेब काहीतरी विसरले. त्यांचा चष्मा इथेच राहिला असेल. फोन उघडला... पॅसेज रिकामा. बाहेरचा दिवा अजून लागला नव्हता, त्यामुळे सगळं करडं करडं. आणि चौकोन होता. पण आज बुटका नव्हता गं. उभा होता. माझ्या उंचीचा, आणि इतका जवळ की त्याची वरची कड फोनच्या बाहेर गेली होती. दाराला नाक लावून कुणी उभं राहिल्यावर दिसेल तसा.

आणि वास आला. दाराच्या फटीतून. ओलं गोणपाट आणि मेथी. मंडईत पहाटे शेतकऱ्यांच्या गोण्या उतरायच्या ना, तोच. जन्म गेला माझा त्या वासात, तो काही वाईट वास नव्हे. पण वाघोलीला, चौथ्या मजल्यावर, बंद दाराच्या फटीतून...

मी फोनवरचं बोलायचं बटण दाबलं. "कोण आहे?"

काही नाही.

"बोला."

काही नाही. पण लाइन डेड नव्हती. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं, अगदी मन लावून, माझा शब्द पडायची वाट बघत. कान कधी चुकले नाहीत माझे. मग अगदी हळू, त्या बाजूनं, "हुश्श..."

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? किंचाळायला? रावसाहेबांना हाक मारायला? पण भीती फार झाली की माणूस सवयीवर जातं. आणि दारात कुणी घोटाळत राहिलं, जायचं नाव घेईना, की पुण्याचं माणूस काय म्हणतं? तेच मी म्हटलं. अगदी नेहमीच्या सुरात, शेवट करणाऱ्या.

"बरंय तर मग... या!"

आणि चौकोन गेला की गं! फट्‌दिशी. पॅसेज मोकळा. वासही विरला. बाहेरचा दिवा लागला. मी पाच मिनिटं तशीच उभी आणि मग मला हसू फुटलं. एवढं मोठं भूत, आणि पुणेरी 'या' म्हटल्यावर गेलं निमूट! सुंठीवाचून खोकला गेला. त्या रात्री मी श्रीखंड काढून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मला राहवेना, रावसाहेबांना बोलावून सगळं सांगितलं, ह्या वेळी हुश्श आणि चौकोनासकट. तुमच्या रीसेटनं नाही, माझ्या जिभेनं झालं काम, हे कळायला नको त्यांना? ते बशीत चहा ओतत ऐकत होते. मी त्या 'या'पाशी आले आणि बशी तशीच राहिली त्यांच्या हातात.

"काय म्हणाल्या तुम्ही त्याले?"

"या म्हटलं. म्हणजे निघा आता."

"ताई, तुमच्या पुण्यात 'या' म्हणजे जा. आमच्याकडे 'या' म्हणजे या." त्यांनी बशी खाली ठेवली. "ते जे काही होतं, ते पुण्याचं नसंन तर?"

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

"पण बेल वाजत नाही ना आता," मी म्हटलं.

"कायले वाजवंन?" ते अगदी हळू बोलले. "घरातलं माणूस घरची बेल कायले वाजवंन?"

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवसापासून मी माझ्याच घरात कानोसा घेत हिंडायला लागले. स्वयंपाकघरात गेलं की मेथीचा वास. पुसटच, पण होता. सकाळी उठले तर दुधाची पिशवी ओट्यावर. मी आणली का? आणली असेन. उंबरा झाडलेला. मी झाडला का? झाडला असेन... असं म्हणत राहायचे, पण फोनवरचं रेकॉर्डिंग उघडून बघायचा धीर होईना. आत कुणी आहे ह्याची भीती होतीच, पण कुणी नसेल आणि हे सगळं मीच करून विसरत असेन, तर ऋचाचं खरं! त्या विचारानं मी रडले गं एकदा, बाथरूमचा नळ सोडून.

मग घालवायचं ठरवलं. रावसाहेब म्हणाले, "जा म्हणा सरळ." पण दिवेलागणीला घरात आलेल्याला 'जा' कसं म्हणायचं? जन्मात कुणाला म्हटलं नाही. जिना उतरणारं माणूससुद्धा 'जातो' म्हणालं तर आई ओरडायची, 'येतो म्हण.' आता 'या' म्हणायची सोय नाही आणि 'जा' म्हणवत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "निघायचं का आता?" म्हणून पाहिलं. "उशीर होईल हं तुम्हाला," असंही म्हणून पाहिलं. रावसाहेब मागे उभे राहून "त्याले आमच्या घरी मात्र धाडू नका ताई" म्हणत होते. एवढं अगत्यशील माणूस, पण घामाघूम झालं होतं.

आणि रविवार उजाडला.

ऋचा आली ती खोकी घेऊनच आली. घडी केलेली, काखेत धरून. मी चहा टाकला, उपमा केला, तोंडभर बडबड केली. वाटत होतं, आता हिला वास येईल, आता ही विचारेल. ती शांतपणे सोफ्यावर बसून फोनमध्ये बघत होती. मग एकदम माझ्याकडे बघून हसली. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या.

"आई, किती आतल्या गाठीची आहेस तू! सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"बाई ठेवलीस ते! मी इकडे काळजीनं अर्धी झाले आणि तू दिवसरात्रीची बाई ठेवून मोकळी." तिनं फोन माझ्यापुढे धरला.

तो माझ्याच दाराचा व्हिडिओ होता, सकाळचा. दूधवाला पिशवी अडकवून गेला. मग माझं दार आतून उघडलं. एक हात बाहेर आला. उन्हानं रापलेला, मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यानं पिशवी काढली, हळूच, आवाज होऊ नये अशी, आणि दार लागलं. ऋचानं पुढचा लावला. त्यात पदर घेतलेलं डोकं खाली वाकून उंबरा झाडत होतं. तोंड दिसत नव्हतं. भोवती हिरवा चौकोन, आणि चौकोनाखाली त्या शहाण्या अॅपनं लिहिलं होतं, 'घरातील सदस्य'.

अवनी, मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? अंगावर सर्रकन काटा आला हे तर खरंच. पण त्याच्या पाठोपाठ सुटका वाटली. मी विसरत नव्हते! दूध मी आणलं नव्हतं, उंबरा मी झाडला नव्हता. माझं डोकं जागेवर होतं.

"आता मी निर्धास्त झाले," ऋचा म्हणत होती. "तू एकटी नाहीस म्हटल्यावर माझं काही म्हणणं नाही. राहा इथे हवी तितकी वर्षं. ही खोकी मी रद्दीत देऊन टाकते. बाई चांगली आहे ना पण?"

एकच शब्द बोलायचा होता मला. 'कुठली बाई?' म्हटलं असतं, तर ती खोकी तिथेच उघडली असती. माझं दार, माझी कडी, माझी किल्ली, सगळं त्या पडद्यांच्या खोलीत गेलं असतं. स्वयंपाकघरातून मेथीचा वास येत होता, चांगला दरवळत होता.

"चांगली आहे," मी म्हटलं. "बोलत नाही फारशी."

"भेटते ना तिला." ऋचा उठलीच.

"राहू दे गं! लाजते ती. नवीन माणसासमोर येत नाही." कसं सुचलं कुणास ठाऊक. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"बरं बाई. नाव तरी सांग. इथूनच हाक मारते, नमस्कार सांगते."

नाव! मी झटक्यात ठरवलं, रुपाली सांगायचं. खाली जिने पुसायला येते ना, ती रुपाली, तिचंच तोंडावर आलं. अगदी ठरवून, रुपाली म्हणायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मुक्..."

एवढंच. पुढचं मी उच्चारलंही नव्हतं. माझं मलाच नवल वाटत होतं की हे काय बोलतेय मी, सासरी-माहेरी ह्या नावाचं कुणी नाही, ओळखीत नाही, शेजारात नाही.

तेवढ्यात आतून, ओट्यापाशी काहीतरी निवडता निवडता मान वर करून द्यावी तशी, ओ आली.

"ओ."

"मुक्ताई का?" ऋचा खूश होऊन म्हणाली. "किती गोड आवाज आहे गं आई तिचा."